परकार आणि पट्टी घेऊन अपास्तीय भूमितीतील वक्र कसे समजवावेत

अपास्तीय (हायपरबोलिक) भूमितीची ओळख करून देताना बहुधा खोगिराच्या आकाराचा पृष्ठभाग दाखवला जातो, त्यावरील त्रिकोणाच्या बाजू आतल्या अंगाला कशा वाकतात हे सांगितले जाते आणि विषय पुढे सरकतो. नवशिक्याच्या दृष्टीने ही सुरुवात गैरसोयीची आहे असे माझे मत आहे, कारण खोगिरावर त्याला स्वतःला काही काढता येत नाही आणि मोजताही येत नाही. न मोजलेल्या गोष्टीवर त्याने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा निदान गणिताच्या वर्गात तरी करू नये. एक कोरा ए-४ कागद, परकार, पट्टी, कोनमापक आणि लॉग काढण्याची सोय असलेला कॅल्क्युलेटर एवढ्या साहित्यावर या भूमितीतील चारही मूलभूत वक्र, म्हणजे जिओडेसिक, वर्तुळ, होरोसायकल आणि समदूर वक्र, विद्यार्थ्याच्याच हातून काढून घेता येतात. पुढील रचनांमधील मापे मुद्दाम अशी निवडली आहेत की आकृत्या कागदावर मावतात आणि बहुतेक उत्तरे सोप्या अपूर्णांकांत येतात, म्हणून पहिल्या वेळी तीच मापे वापरावीत.

इतिहास थोडक्यात सांगितला तरी पुरतो. रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते, या अर्थाचे युक्लिडचे पाचवे गृहीतक इतर गृहीतकांवरून सिद्ध करण्याचे प्रयत्न शतकानुशतके फसले. त्यानंतर १८२९ मध्ये रशियातील कझानच्या लोबाचेव्हस्कीने आणि १८३२ मध्ये हंगेरियन गणिती यानोश बोयॉई याने, अशा समांतर रेषा अनेक असतात असे धरूनही सुसंगत भूमिती उभी राहते, हे स्वतंत्रपणे मांडले. हीच अपास्तीय भूमिती. १८६८ मध्ये इटलीच्या बेल्ट्रामीने या भूमितीच्या प्रतिकृती युक्लिडच्याच भूमितीत तयार करून दाखवल्या. त्यांपैकी आपण वापरणार आहोत ती वर्तुळाकार प्रतिकृती पुढे प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने प्रसिद्ध झाली.

कागदाच्या डाव्या कडेपासून ७ सेंमी आणि खालच्या कडेपासून ७ सेंमी अंतरावर बिंदू म घ्यावा आणि तो केंद्र मानून ६ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढावे. या वर्तुळाचा अंतर्भाग हेच आपले संपूर्ण अपास्तीय प्रतल होय. खुद्द कड मात्र प्रतलात मोडत नाही. म या बिंदूतून उजवीकडे जाणारी आडवी आणि वर जाणारी उभी अशा दोन रेषा आखून ठेवाव्यात. आता नियम सांगावा: एखादा बिंदू केंद्रापासून त्रिज्येच्या जितक्या अंशावर असेल त्या अंशाचा वर्ग १ मधून वजा करावा आणि आलेल्या संख्येने २ ला भागावे, त्या ठिकाणी काढलेल्या सूक्ष्म रेघेची त्रिज्येच्या मापात मोजलेली लांबी या भागाकाराने गुणली की तिची खरी लांबी मिळते. केंद्रापाशी हा गुणक २ असतो, ३ सेंमीवर तो सुमारे २.६७ होतो आणि ५.४ सेंमीवर १०.५ च्या पुढे जातो. याचाच अर्थ, कडेजवळची तेवढीच रेघ प्रत्यक्षात पाचपट लांब असते. मर्केटरच्या जगाच्या नकाशावर ग्रीनलँड फुगलेले दिसते तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे कडेकडील प्रदेश नकाशावर आकसून दिसतो.

नियम सांगून झाल्यावर लगेच काही अंतरे काढायला द्यावीत. केंद्रापासून निघालेल्या त्रिज्येवर खरे अंतर काढण्यासाठी कागदावरचे अंतर ६ मध्ये मिळवून एक संख्या व ६ मधून वजा करून दुसरी संख्या मिळवावी, पहिलीला दुसरीने भागावे आणि उत्तराचा नैसर्गिक लॉग (कॅल्क्युलेटरवरील ln) घ्यावा. कागदावरील ३ सेंमीसाठी ९ भागिले ३, म्हणजे ३ चा लॉग, अर्थात १.१० एकक मिळते. ४ सेंमीसाठी ५ चा लॉग, म्हणजे १.६१ एकक, आणि ५.९४ सेंमीसाठी १९९ चा लॉग, म्हणजे ५.२९ एकक. कड जवळ येऊ लागते तसे अंतर अमर्याद वाढत जाते, म्हणून आतल्या रहिवाशाला कड कधीच गाठता येत नाही, हे या तीन आकड्यांवरून विद्यार्थी बहुधा स्वतःच बोलून दाखवतो. याच प्रतिकृतीचा दुसरा गुण मात्र आपणहून सांगावा लागतो: अंतरे बदलली तरी कोन बदलत नाहीत, आणि म्हणून कोनमापक जे दाखवील ते खरेच असते. पुढील सगळे विवेचन या गुणावर उभे आहे.

पहिला वक्र: जिओडेसिक

दोन बिंदूंमधील सर्वांत कमी लांबीचा मार्ग ज्या रेषेवर असतो ती जिओडेसिक, म्हणजे या भूमितीतील सरळ रेषा. प्वांकारेच्या वर्तुळात ती कडेला काटकोनात छेदणाऱ्या वर्तुळकंसासारखी दिसते किंवा म या बिंदूतून जाणारा व्यास असते. येथे विद्यार्थी अडतो आणि अडणे योग्यच आहे. वाकडा दिसणारा कंस सरळ का मानावा, याचे उत्तर व्याख्या पुन्हा वाचून दाखवून मिळत नाही. त्यासाठी एक जोडी घेऊन प्रत्यक्ष हिशोब करावा.

आडव्या रेषेवर मपासून ४ सेंमीवर प आणि उभ्या रेषेवर ३ सेंमीवर ब हे बिंदू घ्यावेत. आता आडव्या रेषेवरच वर्तुळाबाहेर त हा बिंदू असा घ्यावा की मप आणि मत यांचा गुणाकार त्रिज्येच्या वर्गाइतका, म्हणजे ३६, येईल. मप ४ असल्यामुळे मत ९ सेंमी होते. प, ब आणि त या तीन बिंदूंतून जाणारे वर्तुळ शाळेत शिकवलेल्या लंबदुभाजकांच्या रीतीने काढावे. त्याचे केंद्र मपासून उजवीकडे ६.५ सेंमी आणि वर ७.५ सेंमी येते व त्रिज्या सुमारे ७.९ सेंमी भरते. या वर्तुळाचा कडेच्या आतील भाग म्हणजेच प आणि ब यांना जोडणारी जिओडेसिक होय. कडेशी होणारा कोन काटकोनच का असतो हे दहावीच्या स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांच्या प्रमेयावरून दाखवता येते. मपासून नव्या वर्तुळापर्यंतच्या स्पर्शिकाखंडाचा वर्ग मप गुणिले मत, म्हणजे ३६ आहे, म्हणून स्पर्शिकाखंड ६ सेंमी लांब आहे आणि त्याचे टोक नेमके कडेवर येते. कडेची त्रिज्याच नव्या वर्तुळाची स्पर्शिका ठरल्यामुळे दोन वर्तुळे एकमेकांना काटकोनात छेदतात. प्रमेय पाठ असलेल्या मुलांना ते अशा अनोळखी जागी उपयोगी पडताना पाहून जो आनंद होतो, त्यासाठी दहा मिनिटे जास्त गेली तरी चालतील.

आता प ते ब या प्रवासाच्या तीन मार्गांची तुलना करावी. मवरून गेल्यास १.६१ आणि १.१० मिळून २.७१ एकक अंतर होते. पट्टीने आखलेल्या सरळ जीवेवरून, वर दिलेला गुणक वापरून केलेला हिशोब सुमारे २.१९ एकक देतो. काटकोनी कंसावरून मात्र अंतर २.१५ एककच भरते. कंस केंद्राकडे झुकून, जेथे गुणक लहान आहे अशा भागातून जातो आणि म्हणून तो स्वस्त पडतो; मात्र मपर्यंत जाण्याइतका वळसा परवडत नाही. कलनशास्त्र न शिकलेल्या वर्गात जीवेचे समान लहान तुकडे करून प्रत्येकाच्या मध्यबिंदूपाशी गुणक काढावा व बेरीज करावी. आठ-दहा तुकड्यांतच २.१९ च्या जवळ जाता येते.

दुसरा आणि तिसरा वक्र: वर्तुळ व होरोसायकल

वर्तुळाची व्याख्या बदलत नाही, म्हणजे एका बिंदूपासून समान अंतरावरील सर्व बिंदू, आणि प्वांकारेच्या वर्तुळात ते कागदावरही वर्तुळच दिसते. बदलते ती केंद्राची जागा. म हा बिंदू केंद्र मानून लॉग ३ एवढ्या खऱ्या त्रिज्येचे वर्तुळ काढल्यास कागदावर त्याची त्रिज्या ३ सेंमी येते. तेवढ्याच खऱ्या त्रिज्येचे वर्तुळ आडव्या रेषेवर ३ सेंमी अंतरावरील बिंदू केंद्र मानून काढायचे झाले, तर त्याचे एक टोक मवर येते आणि दुसरे मपासून लॉग ९ एवढ्या खऱ्या अंतरावर, म्हणजे कागदावर ४.८ सेंमीवर. परकाराचे टोक त्यामुळे २.४ सेंमीवर ठेवावे लागते, जरी खरे केंद्र ३ सेंमीवर आहे. परकाराचे टोक म्हणजे केंद्र, ही सवय येथे मोडावी लागते.

वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या मानाने किती झपाट्याने वाढतो हेही येथेच सांगावे. लॉग ३ त्रिज्येचा परीघ युक्लिडच्या भूमितीत ६.९० एकक असता, येथे तो ८.३८ भरतो, त्रिज्या ५ एकक असता ३१ ऐवजी सुमारे ४६६ आणि १० एकक असता ६३ ऐवजी ६९,००० च्या पुढे. या भूमितीत जागेची कमतरता कशी ती नाहीच.

आता मवरून जाणारी वर्तुळे घेऊन त्यांचे केंद्र आडव्या रेषेवर उजवीकडे सरकवत न्यावे. ४.८ सेंमीवरील टोक ५.५, ५.९ असे कडेकडे सरकते आणि मर्यादेत कडेला टेकते. कागदावर मिळते ते मवरून जाणारे, कडेला आतून स्पर्श करणारे ३ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ. हीच होरोसायकल. तिचे केंद्र अनंतावर असून कडेवरील स्पर्शबिंदू तिचा भाग नाही, म्हणून कागदावर बंद दिसणारा हा वक्र प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना अंतहीन जातो. युक्लिडच्या भूमितीत वर्तुळाची त्रिज्या अमर्याद वाढवली तर सरळ रेषा मिळाली असती. येथे वक्रता शून्याकडे जात नाही. चालणाऱ्याला दर एकक अंतराला जितके रेडियन वळावे लागते तितकी वक्रता मानली, तर १ एकक त्रिज्येच्या वर्तुळाची वक्रता १.३१, २ एककांची १.०४, ३ एककांची १.००५ येते आणि पुढे ती १ पाशीच थांबते. होरोसायकलची वक्रता नेमकी १ असते. कागदावर त्या लहानमोठ्या दिसल्या तरी सर्व होरोसायकल परस्परांशी एकरूप असतात, ही गोष्ट सांगितल्यावर वर्गात थोडा गोंधळ होतो आणि तो होऊ द्यावा.

चौथा वक्र: समदूर वक्र

माझ्या मते चौघांत सर्वांत उद्बोधक वक्र हाच आहे. एखाद्या सरळ रेषेच्या एका बाजूला, तिच्यापासून ठरावीक अंतरावर असलेले सर्व बिंदू कोणत्या आकृतीवर असतात? रुळांकडे पाहून वाढलेला माणूस दुसरी सरळ रेषा असे उत्तर देईल, आणि ते गृहीत धरूनच पाचवे गृहीतक सिद्ध करू पाहणाऱ्यांत दहाव्या-अकराव्या शतकातील इब्न अल-हैथमसारखा थोर गणितीही होता. हे विधान युक्लिडच्या गृहीतकाइतकेच वजनदार आहे, म्हणजे ते मान्य केले की सिद्ध करायचे काही उरतच नाही.

रचना सोपी आहे. आडवा व्यास ही आपली सरळ रेषा मानावी. मपासून वर ३ सेंमीवरील ब हा बिंदू तिच्यापासून लॉग ३ अंतरावर आहे. व्यासाची दोन्ही टोके आणि ब यांतून जाणारे वर्तुळ काढण्यासाठी परकाराचे टोक मच्या खाली ४.५ सेंमीवर ठेवावे आणि ७.५ सेंमी त्रिज्या घ्यावी. कडेच्या आतील वरचा कंस हा समदूर वक्र. व्यासाखाली त्याची तशीच दुसरी शाखा काढता येते. कागदावर वक्र आणि व्यास टोकांना मिळतात असे दिसते, परंतु टोके प्रतलाबाहेर आहेत आणि आत सर्वत्र दोघांमधील खरे अंतर तेवढेच, म्हणजे १.१० एकक, राहते.

या वक्राचा कडेशी होणारा कोन मोजण्यासाठी स्पर्शिका काढण्याची खटपट करू नये. जेथे दोन वर्तुळे छेदतात त्या बिंदूपासून दोन्ही केंद्रांकडे त्रिज्या काढाव्यात. त्रिज्यांमधील लघुकोन हाच वर्तुळांमधील कोन असतो. येथे ४.५, ६ आणि ७.५ सेंमी बाजूंचा काटकोन त्रिकोण मिळतो, म्हणजे ३, ४, ५ चेच मोठे रूप, आणि कडेवरील कोनाचा कोसाइन ६ भागिले ७.५, म्हणजे ०.८ येतो. कोन ३६.८७ अंशांचा, काटकोनाहून बराच लहान, म्हणून हा वक्र सरळ नव्हे. हा ०.८ आकडा योगायोगाने आलेला नाही: समदूर वक्राची वक्रता नेमकी या कोसाइनइतकी असते, आणि ती अंतराच्या हायपरबोलिक टॅनइतकीही (कॅल्क्युलेटरवरील tanh) असते, म्हणून अंतरावरून कोन आणि कोनावरून अंतर काढता येते. बमधून व्यासाला न छेदणाऱ्या ज्या असंख्य सरळ रेषा जातात, त्यांतील सीमेवरच्या दोन रेषा बमधून व्यासावर टाकलेल्या लंबाशी जो कोन करतात तोही ३६.८७ अंशांचाच असतो. हुशार विद्यार्थ्याला हे सांगून कारण शोधायला घरी पाठवावे.

वक्रतेचा परिणाम लांबीतही दिसतो. व्यासावरून एक जण ३ किलोमीटर चालला आणि समदूर वक्रावरून दुसरा सतत त्याच्या बरोबरीने राहिला, तर दुसऱ्याची चाल ५ किलोमीटर होते, कारण येथे लांबीचे गुणोत्तर लॉग ३ च्या हायपरबोलिक कॉसइतके (cosh), म्हणजे ५ भागिले ३ असते. हा किलोमीटर कागदावर किती लांब आहे असा प्रश्न आला तर ठरलेले उत्तर द्यावे: चाललेले अंतर कितीही असो, गुणोत्तर बदलत नाही.

आता चारही वक्र एका रांगेत बसतात. सरळ रेषेची वक्रता ०; लॉग ३ अंतरावरील समदूर वक्राची ०.८, होरोसायकलची १, लॉग ३ त्रिज्येच्या वर्तुळाची १.२५. समदूर वक्रांची वक्रता नेहमी ० आणि १ च्या मध्ये आणि वर्तुळांची नेहमी १ च्या वर असते. कागदावर हीच गोष्ट अधिक ढोबळपणे वाचता येते: परकाराने काढलेले वर्तुळ कडेच्या पूर्ण आत राहिले तर ते खरे वर्तुळ, कडेला आतून टेकले तर होरोसायकल, कडेला छेदून बाहेर गेले तर समदूर वक्र, आणि छेदताना काटकोन झाला तर जिओडेसिक. पट्टीने आखलेली जीवाही यातून सुटत नाही; मवरून जात नसेल तर तीही समदूर वक्रच असते.

विद्यार्थ्याला हे कळले की नाही हे तपासण्यासाठी वर्तुळात कोठेही, एका कागदी रेषेत नसलेले तीन बिंदू टाकून त्यांचे परिवर्तुळ काढायला सांगावे. शाळेत प्रत्येक त्रिकोणाला परिवर्तुळ असते. एकरेषीय नसलेल्या तीन बिंदूंतून वर्तुळ जातेच हे विधान यानोशचे वडील फार्कश बोयॉई यांनी पाचव्या गृहीतकाला समतुल्य म्हणून मांडले होते. अपास्तीय प्रतलात ते कोसळते. बिंदू एकमेकांच्या जवळ व सैल त्रिकोणात असतील तर वर्तुळ मिळते; ते जवळजवळ एका रांगेत किंवा कडेकडे पसरलेले असतील तर परकार कडेबाहेर जातो आणि तीन बिंदू समदूर वक्रावर किंवा क्वचित जिओडेसिकवर पडतात; होरोसायकल नेमकी साधण्यासाठी बिंदू मुद्दाम निवडावे लागतात. वर्गातील प्रत्येकाने आपापले तीन बिंदू घेतले की फळ्यावर या प्रकारांची नोंद आपोआप जमते.

शेवटची कसोटी म्हणून एशर या डच चित्रकाराचे १९५९ मधील ‘सर्कल लिमिट थ्री’ हे लाकडी ठशांचे चित्र द्यावे. कॉक्सेटर या गणितज्ञाच्या लेखातील एक आकृती पाहून एशरने वर्तुळात कडेकडे लहान होत जाणाऱ्या आकृत्यांची ही चित्रमाला सुरू केली होती. या चित्रात रंगीत मासे एकामागून एक पांढऱ्या कंसांवरून पोहताना दिसतात, आणि हे कंस जिओडेसिक आहेत असे पाहणाऱ्याला सहज वाटते. विद्यार्थ्याने छापील प्रतीवर एका पांढऱ्या कंसाचे केंद्र लंबदुभाजकांनी शोधावे, कडेवरील छेदबिंदूतून दोन त्रिज्या काढाव्यात आणि कोन मोजावा. प्रत चांगली असेल तर तो ९० नव्हे, सुमारे ८० अंश भरतो. कॉक्सेटरने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याचे नेमके मूल्य ७९.९७ अंशांच्या आसपास असल्याचे दाखवले. त्याचा कोसाइन ०.१७४ आहे, म्हणून पांढरे कंस हे समदूर वक्र असून ते आपापल्या सरळ रेषेपासून सुमारे ०.१७६ एकक अंतरावर आहेत, आणि त्यांवरून पोहणाऱ्या माशाला शेजारच्या सरळ रेषेवरील माशाच्या बरोबरीने राहण्यासाठी सुमारे दीड टक्का जास्त अंतर कापावे लागते.